घराला कुलूप, पेटीत मासे

(लांबच्या प्रवासाला निघताना घरातल्या माशांची सोय कशी लावावी, हे या पाठात सांगितले आहे. आपले काम दुसऱ्यावर सोपवताना कोणती काळजी घ्यावी, याचाही विचार पाठात केला आहे.)

मुलांनो, वार्षिक परीक्षा संपली की तुमच्या घरात प्रवासाची तयारी सुरू होते. कोणी कोकणातल्या गावी जातो, कोणी आजमगडला, कोणी हैदराबादला मामाकडे. दोन-तीन आठवडे घर बंद राहणार असते. मग घरातली माणसे एकेक काम आठवून करतात. गॅस बंद केला का? खिडक्या लावल्या का? दूधवाल्याला सांगितले का? शेवटी दाराला कुलूप लागते आणि रिक्षा स्टेशनकडे निघते.

ज्यांच्या घरी काचेच्या पेटीत मासे आहेत, त्यांना मात्र आणखी एक प्रश्न सोडवावा लागतो. मांजर चार घरी फिरून पोट भरते. तुळशीची किंवा गुलाबाची कुंडी उचलून शेजाऱ्यांच्या गॅलरीत ठेवता येते. पोपटाचा पिंजरा मावशीकडे नेता येतो. माशांचे काय करायचे?

पेटी उचलून नेता येईल का, ते आधी पाहू. समजा, पेटी ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच आहे. गणिताच्या तासाला शिकलेले सूत्र वापरा. ६० × ३० × ३० म्हणजे ५४,००० घन सेंटिमीटर, अर्थात ५४ लिटर. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणजे काठोकाठ भरलेल्या पेटीतले नुसते पाणीच ५४ किलो झाले. काच आणि वाळू यांचे वजन वेगळेच. अशी भरलेली पेटी हलवली तर काचेचे सांधे निखळतात. तेव्हा मासे दुसरीकडे नेण्यापेक्षा देखभाल करणारा माणूस माशांकडे येणे सोपे असते.

पेटी म्हणजे लहानशी नदी नव्हे

देखभाल सोपवण्याआधी पेटीत काय घडते, ते समजून घ्या. नदीचे पाणी वाहते असते. माशांची घाण आणि कुजका पाला त्या पाण्याबरोबर निघून जातो. पेटीतले पाणी कोठेही जात नाही. माशाने खाल्लेले, माशाने टाकलेले आणि तळाशी शिल्लक राहिलेले, सारे काही त्याच ५४ लिटर पाण्यात राहते.

मासे आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. खाद्याचे उरलेले दाणे कुजले की त्यांपासूनही अमोनिया तयार होतो. अमोनिया माशांसाठी विष आहे. परंतु निसर्गाने यावर उपाय ठेवला आहे. पेटीतल्या वाळूवर आणि फिल्टरच्या स्पंजावर डोळ्यांना न दिसणारे जिवाणू वाढतात. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच असते. दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. नायट्रेट मात्र त्या मानाने कमी घातक असते आणि थोडे थोडे पाणी बदलले की तेही कमी होते.

म्हणजे तुमच्या पेटीत माशांबरोबर हे लाखो मूक मदतनीसही राहतात. तुम्ही गावी गेलात तरी ते काम करत राहतात. पण त्यांची ताकद ठरलेली असते. अचानक फार खाद्य पडले तर ते कमी पडतात. फिल्टर बंद पडला आणि प्राणवायू मिळेनासा झाला, तर तेच मरू लागतात.

भूक मोठी की अति खाणे?

आता एक प्रश्न. तुम्ही तीन आठवडे नसताना माशांना सर्वांत मोठा धोका कोणता? बहुतेक मुले म्हणतील, "उपासमारीचा." हे उत्तर पूर्ण बरोबर नाही.

आपले शरीर सतत गरम राहते. ते गरम ठेवण्यासाठी आपल्याला रोज भरपूर अन्न लागते. माशाच्या शरीराचे तापमान सहसा पाण्याप्रमाणे कमी-जास्त होते. शरीर गरम ठेवण्यासाठी त्याला अन्न खर्च करावे लागत नाही. म्हणून पूर्ण वाढलेला, निरोगी मासा तीन-चार दिवस सहज उपाशी राहतो. बहुतेक मोठे मासे आठवडाभरही तग धरतात. नुकतीच जन्मलेली पिल्ले मात्र याला अपवाद आहेत. त्यांना दिवसातून अनेकदा थोडे थोडे खाद्य लागते. पेटीत पिल्ले असतील तर ती सांभाळणारा अनुभवी माणूसच शोधला पाहिजे.

खरा धोका असतो तो अति खाद्याचा. शेजारचे काका मोठ्या मायेने येतात. मासे काचेजवळ जमा होतात, तोंडे उघडतात. काकांना वाटते, "बिचारे भुकेले आहेत!" ते चिमूटभर दाणे टाकतात. मासे पुन्हा वर येतात. काका आणखी एक चिमूट टाकतात. मासे थोडे खातात आणि बाकीचे दाणे वाळूत जाऊन बसतात. उन्हाळ्यात दुसऱ्याच दिवशी पाणी दुधासारखे गढूळ होते, वास येऊ लागतो आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंडाने श्वास घेऊ लागतात. 'अति तेथे माती' ही म्हण तुम्ही ऐकली असेल. पेटीतल्या माशांच्या बाबतीत ती अक्षरशः खरी ठरते. येथे काकांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना माप कोणी सांगितलेच नव्हते.

प्रवास किती दिवसांचा?

दोन-तीन दिवसांचा प्रवास असेल तर मोठ्या माशांसाठी काहीच करावे लागत नाही. निघण्यापूर्वी जास्तीचे खाद्य टाकून जाणे मात्र चुकीचे आहे. आठवडाभराचा प्रवास असेल तर मधे एकदा-दोनदा कोणीतरी येऊन पाहून गेले म्हणजे पुरते. दोन आठवड्यांहून अधिक काळ घर बंद राहणार असेल, तर मात्र माणूस हवाच.

बाजारात ठरलेल्या वेळी आपोआप खाद्य टाकणारे यंत्र मिळते. ते उपयोगी आहे. पण दमट हवेत त्यातले दाणे चिकटून गोळा होतो आणि खाद्य पडत नाही, किंवा एकदम फार पडते. म्हणून ते निघण्यापूर्वी आठवडाभर चालवून पाहावे. पाण्यात हळूहळू विरघळणारे खाद्याचे पांढरे ठोकळेही मिळतात. त्यांच्यामुळे पाणी खराब होऊ शकते. त्यांच्या भरवशावर तीन आठवडे राहू नये. शिवाय यंत्र खाद्य टाकील, पण फिल्टर बंद पडला आहे हे ते तुम्हांला कळवणार नाही.

निघण्यापूर्वीची तयारी

ही तयारी शेवटच्या रात्री करायची नसते. ती अशी टप्प्याटप्प्याने करावी.

दोन आठवडे आधी : या काळात पेटीत नवा मासा आणू नका. नव्या माशाबरोबर रोग आला, तर तो तुम्ही प्रवासात असताना पसरेल.

एक आठवडा आधी : फिल्टर आणि हवेचा पंप नीट चालतात का ते पाहा. स्पंज फार घाण झाला असेल तर पेटीतून काढलेल्या पाण्यातच तो हलकेच पिळून घ्या. नळाच्या पाण्यात धुऊ नका. नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन घातलेले असते. त्याने आपले मदतनीस जिवाणूही मरतात.

दोन दिवस आधी : पेटीतले सुमारे पाव पाणी बदला. ५४ लिटरच्या पेटीत ते १३-१४ लिटर होईल, म्हणजे साधारण एक बादली. नवे पाणी २४ तास उघड्या बादलीत ठेवलेले असावे, म्हणजे त्यातला क्लोरीन बराचसा उडून जातो. दुकानात क्लोरीन घालवणारे थेंबही मिळतात. घर स्वच्छ ठेवून जावे म्हणून काही जण निघण्याच्या दिवशी सारी पेटी रिकामी करून, वाळू घासून धुतात. तसे मुळीच करू नका. जिवाणू वाहून जातात आणि त्यानंतर काही बिघडले तर पाहायला तुम्ही नसता.

निघताना : पेटीवर झाकण ठेवा. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर पडदा ओढून घ्या. बंद घर मे महिन्यात तापते आणि पाणीही तापते. २० अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांना तो सुमारे साडेसात मिलिग्रॅमच राहतो. म्हणून उन्हाळ्यात हवेचे बुडबुडे फार महत्त्वाचे असतात.

वीज : सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट

घर बंद करताना वडीलमाणसे सावधगिरी म्हणून विजेचा मेन स्विच बंद करतात. एरवी ही चांगली सवय आहे. पण पेटीचा फिल्टर आणि पंप त्याच विजेवर चालतात. मेन स्विच बंद झाला की बुडबुडे थांबतात. नंतर शेजारी कितीही मापाने खाद्य टाको, माशांचा जीव धोक्यात येतो. म्हणून पंप कोणत्या बटणावर आहे हे घरातल्या सर्वांना आधीच सांगा. त्या बटणावर 'बंद करू नये' अशी चिठ्ठी चिकटवा. बाकीची बटणे बंद करा.

आणखी एक गोष्ट पाहा. हवेचा पंप पाण्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवला असेल, तर वीज गेल्यावर पेटीतले पाणी नळीतून उलटे पंपात उतरू शकते. पंप वरच्या फळीवर ठेवा किंवा नळीत पाणी उलटे येऊ न देणारा छोटा व्हॉल्व्ह बसवा. तुमच्या गावात वारंवार वीज जात असेल तर बॅटरीवर चालणारा पंप घेऊन ठेवावा.

पुड्या बांधा

आता खाद्याचा हिशेब करू. समजा, तुम्ही २ मे रोजी सकाळी निघणार आणि २३ मे रोजी परतणार. एक दिवसाआड खाद्य दिले तरी पुरते. ४ मेपासून २२ मेपर्यंत एक दिवसाआड म्हणजे १० दिवस झाले. तेव्हा कागदाच्या १० लहान पुड्या बांधा. मासे दोन मिनिटांत संपवतील एवढेच खाद्य प्रत्येक पुडीत ठेवा. प्रत्येक पुडीवर तारीख लिहा. पुड्या घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा. खाद्याची मोठी बरणी मात्र कपाटात बंद करून ठेवा. यात शेजाऱ्यांवर अविश्वास नाही. उलट, किती टाकू, अशी शंका त्यांच्या मनात राहत नाही.

माणूस निवडा, शिकवा, लिहून द्या

ज्याच्यावर काम सोपवायचे, तो माणूस जवळ राहणारा आणि वेळ पाळणारा असावा. निघण्यापूर्वी एकदा त्याला घरी बोलवा. तुम्ही करून दाखवा. मग त्याला करू द्या आणि तुम्ही पाहा. तोंडी सांगितलेले माणूस विसरतो, म्हणून सूचना लिहून द्या. तुमचे शेजारी मराठी वाचत असतील तर मराठीत लिहा. नमुन्यासाठी हे पत्र वाचा.

आदरणीय काकू,
नमस्कार.
आम्ही २ मे रोजी सकाळी गावी निघत आहोत. २३ मे रोजी परत येऊ. आमच्या पेटीत ६ मॉली आणि ४ झेब्रा मासे आहेत. आपण त्यांच्याकडे पाहण्याचे कबूल केले, याबद्दल आम्ही सारे आपले आभारी आहोत. कृपया पुढील गोष्टी कराव्यात.
१. एक दिवसाआड संध्याकाळी यावे. पुडीवरची तारीख पाहून एकच पुडी टाकावी.
२. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन पुड्या टाकू नयेत. चुकलेली पुडी तशीच राहू द्यावी.
३. बुडबुडे येत आहेत का ते पाहावे. येत नसतील तर पांढऱ्या पट्टीवरचे बटण पाहावे. ओल्या हाताने बटणाला हात लावू नये.
४. मासे मोजावेत. ते दहा असावेत.
५. पाणी काचेवरच्या लाल खुणेखाली गेले तर बादलीतले पाणी हळूहळू घालावे. नळाचे पाणी थेट घालू नये. बादली पुन्हा फडक्याने झाकावी, म्हणजे डास होणार नाहीत.
६. पाणी गढूळ झाले तर खाद्य बंद करावे आणि आम्हांला फोन करावा. नंबर खाली लिहिला आहे.
७. एखादा मासा मेला तर तो जाळीने काढून टाकावा आणि आम्हांला कळवावे. त्यात आपला दोष नाही.
आपली शेजारीण

शेवटची सूचना

या पत्रातली सातवी सूचना पुन्हा वाचा. ती सर्वांत महत्त्वाची आहे.

मासे वयानेही मरतात, रोगानेही मरतात. तुम्ही घरी असतानाही एखादा मासा मरतो. पण तोच मासा काकूंच्या पाळीत मेला, तर त्यांना काय वाटेल? "मुलांनी विश्वासाने सोपवले आणि माझ्या हातून मेला," असे वाटून त्या घाबरतील. कदाचित तुम्हांला सांगायला संकोचतील. तोवर मेलेला मासा पाण्यात कुजेल आणि बाकीच्यांचाही जीव जाईल. आधीच दिलेला धीर त्यांना बोलते करतो. त्यामुळे माशांचे प्राण वाचतात आणि शेजारही टिकतो.

उर्दूत आपण 'अमानत' म्हणतो. मराठीत 'ठेव' म्हणतात आणि अमानत हा शब्दही मराठीला परका नाही. ठेव सांभाळणाऱ्याची जबाबदारी मोठी असते, हे आपण नेहमी ऐकतो. पण ठेव ठेवणाऱ्याचीही जबाबदारी असते. त्याने मोजून द्यावे, समजावून द्यावे, लिहून द्यावे आणि न टळणारे काही घडले तर दोष देऊ नये. काम दुसऱ्याच्या हाती दिले म्हणून आपली जबाबदारी संपत नाही.

कोणी सांभाळायला मिळालेच नाही, तर मासे पाळणाऱ्या मित्राकडे किंवा ओळखीच्या दुकानदाराकडे मासे काही दिवस ठेवता येतील का, ते विचारा. पण मासे तळ्यात, विहिरीत किंवा नदीत सोडून देऊ नका. त्यांतले बरेच मासे परदेशातून आलेले असतात. काही तेथे मरून जातात. काही मात्र इतके वाढतात की स्थानिक माशांना जागा उरत नाही. दक्षिण अमेरिकेतला 'सकर' मासा काच स्वच्छ करतो म्हणून लोक घरी आणतात. असाच सोडलेला हा मासा आज भारतातल्या अनेक तलावांत आणि नद्यांत पसरला आहे. तो कोळ्यांच्या जाळ्यात येतो, जाळी फाडतो आणि बाजारात त्याला मोलही मिळत नाही.

परत आल्यावर

घरी आल्यावर आनंदाच्या भरात मूठभर खाद्य टाकू नका. आधी मासे मोजा, पाण्याचा वास घ्या, बुडबुडे पाहा. त्या दिवशी थोडेच खाद्य द्या. दुसऱ्या दिवशी पाव पाणी बदला. मग काकूंकडे जा. गावाहून आणलेला खाऊ त्यांना द्या आणि त्यांनी काय काय पाहिले ते विचारा. मासे सुखरूप आहेत, यात त्यांच्या वीस दिवसांच्या आठवणीचा वाटा आहे. पुढच्या वर्षी त्या कोठे निघाल्या, तर त्यांच्या कुंड्यांना पाणी घालायला तुम्ही स्वतःहून जा.

शब्दार्थ

कल्ले – माशाचे श्वास घेण्याचे अवयव, गलफडे
जिवाणू – डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव
प्राणवायू – ऑक्सिजन
शिल्लक – उरलेले, बाकी
दमट – ओलसर
एक दिवसाआड – मधला एक दिवस सोडून
ठेव – अमानत
संकोचणे – सांगायला अवघड वाटणे

वाक्प्रचार

तग धरणे – टिकून राहणे
विश्वासाने सोपवणे – भरवसा ठेवून काम देणे
बोलते करणे – मनातले सांगण्यास धीर देणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) भरलेली पेटी उचलून नेणे का कठीण असते?
(आ) फिल्टरचा स्पंज नळाच्या पाण्यात का धुऊ नये?
(इ) खाद्याच्या पुड्यांवर तारीख का लिहावी?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) उपासापेक्षा अति खाद्य माशांना अधिक घातक का ठरते?
(आ) पत्रातली सातवी सूचना सर्वांत महत्त्वाची का आहे?

३. कारणे द्या.
(अ) उन्हाळ्यात हवेचा पंप बंद पडता कामा नये.
(आ) पेटीतले मासे तळ्यात सोडू नयेत.

४. हिशेब करा.
तुमची पेटी ५० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद असून पाणी २० सेंटिमीटर उंचीपर्यंत आहे. पाणी किती लिटर? त्याचा पाव भाग किती?

५. नमुन्याप्रमाणे बदला.
नमुना : एकच पुडी टाका. – एकच पुडी टाकावी.
(अ) मासे मोजा. (आ) बादली फडक्याने झाका. (इ) आम्हांला फोन करा.

६. हिशेब, जबाबदारी, तयारी, हवा, शिल्लक, प्रवास, कबूल, शेजारी – यांतील कोणते शब्द तुम्हांला उर्दूतूनही ओळखीचे आहेत? त्यांच्या उच्चारात किंवा अर्थात काही फरक आहे का?

७. पत्रलेखन.
तुम्ही पंधरा दिवस गावी जाणार आहात. घरातले मासे, कोंबड्या किंवा कुंड्या यांची देखभाल सोपवण्यासाठी शेजाऱ्यांना सूचनांचे पत्र लिहा. न टळणारे काही घडले तर काय करावे, तेही त्यात लिहायला विसरू नका.